शितावरून भाताची परीक्षा : जनमत चाचण्यांचा एक विचार

(बी. ए. द्वितीय वर्ष)

'लोकमत' हा लोकशाहीतील परवलीचा शब्द आहे. पुढारी व्यासपीठावरून सांगतो की, लोकमत आमच्या बाजूने आहे. त्याचा विरोधकही नेमके तेच सांगतो. पण हे लोकमत कोणी मोजले आणि कोणत्या मापाने मोजले, असे विचारले तर दोघेही विषय बदलतात. हे माप तयार करण्याचा जो शास्त्रीय प्रयत्न गेल्या सुमारे नव्वद वर्षांत झाला, त्याला जनमत चाचणी म्हणतात. या चाचणीचे माहेर अमेरिका. तेथे राष्ट्राध्यक्षाच्या कारभारापासून युद्ध, कर, शिक्षण, वर्णभेद अशा प्रत्येक चालू प्रश्नावर लोकांना विचारण्याची प्रथा पडली. आज आपल्याकडेही निवडणूक जवळ आली की घरोघरी टक्केवारीची चर्चा चालते. प्रस्तुत लेखात या चाचणीची रीत समजून घेऊन ती आपल्या नांदेड-लातूरच्या मातीत कितपत रुजते, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल घेण्यात आला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावा, असा प्रश्न होता. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. त्या कौलात प्रत्येक मतदाराला विचारले गेले व निर्णय सर्वांना बंधनकारक ठरला. जनमत चाचणीत मात्र हजारांतून एखाद्यालाच विचारतात आणि त्याच्या उत्तरावरून बाकीच्यांचे मन ओळखतात. आपल्या आया-आज्या ज्याला शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तीच ही रीत होय.

शीत कोठले घ्यावे ?

शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत वरचेच घेतले तर तळाचा करपलेला भात कळत नाही. लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीन किंवा तूर घेऊन गेलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला हे निराळे सांगायला नको. खरेदीदार पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यावर भाव ठरवीत नाही. तो पोकळ लोखंडी सळई पोत्यात खुपसतो, आतला माल बाहेर काढतो, तळहातावर पसरून ओल, माती, काडीकचरा पाहतो. पोते केवढे आहे यापेक्षा दाणा कोठून काढला याला महत्त्व असते.

हीच गोष्ट अमेरिकेला १९३६ साली मोठी किंमत देऊन शिकावी लागली. 'लिटररी डायजेस्ट' या तेथील प्रसिद्ध साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. त्यांपैकी २३ लाखांहून अधिक भरून परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकाने लँडन हे रूझवेल्ट यांचा सहज पराभव करतील असे भाकीत केले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. चूक कोठे झाली ? नावे प्रामुख्याने टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली होती. मंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी टेलिफोन आणि दारात मोटार, तो मनुष्य सुस्थितीतला. बेकार कामगार आणि कर्जात बुडालेला शेतकरी त्या यादीत फारसा नव्हताच. शिवाय ज्यांनी पत्रिका परत पाठविण्याची तसदी घेतली, ते न पाठविणाऱ्यांहून वेगळे होते. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान, परंतु निवडून घेतलेल्या नमुन्यावरून रूझवेल्ट जिंकतील असे सांगितले. त्यांची संस्था जेमतेम एक वर्षाची होती. 'लिटररी डायजेस्ट' मात्र १९३८ साली बंद पडले.

पुढे १९४८ मध्ये गॅलपही चुकले. ड्यूई जिंकणार असे त्यांनी आणि इतरांनीही सांगितले, आणि ट्रुमन जिंकले. ड्यूई जिंकल्याचा मथळा छापलेला 'शिकागो ट्रिब्यून'चा अंक हातात धरून हसणारे ट्रुमन, हे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. चाचण्या मतदानाच्या बऱ्याच आधी थांबविल्या होत्या. इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतके गरीब एवढा कोटा ठरवून दिला, की त्यांतली माणसे सर्वेक्षकाने स्वतःच्या मर्जीने निवडावीत, अशी तेव्हाची पद्धत होती. मर्जी आली की सोयही आली. मनुष्य साहजिकच स्वच्छ अंगणाच्या घरी जातो, आणि कुत्रे भुंकणारी वाट टाळतो. म्हणून त्यानंतर यादृच्छिक निवडीवर, म्हणजे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे प्रत्येकाला निवडले जाण्याची ठरावीक संधी देण्यावर, शास्त्रज्ञांचा भर वाढला.

भारतात एरिक दा कोस्टा यांच्या भारतीय लोकमत संस्थेने १९५० च्या दशकात या कामाला आरंभ केला. पुढे रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये दिल्लीत स्थापन केलेल्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राने १९६७ पासून निवडणुकांचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. या केंद्राच्या पाहणीत मतदान केंद्रे चिठ्ठीने निवडतात, तेथील मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावे काढतात आणि त्याच माणसाच्या घरी जाऊन त्यालाच विचारतात. शेजाऱ्याचे उत्तर चालत नाही.

अंदाजाला मर्यादा असते

नीट निवडलेल्या हजार माणसांच्या नमुन्यात साधारणतः तीन टक्के इकडे-तिकडे एवढी चूक गृहीत धरतात. ती निम्म्यावर आणायची तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. आश्चर्य असे की, हजारांचा नमुना एका जिल्ह्यासाठी घेतला काय किंवा सबंध देशासाठी घेतला काय, चुकीची मर्यादा जवळपास तीच राहते. ढवळलेल्या भाताचे पातेले लहान असो की लग्नघरचे, परीक्षेला लागणारी शिते तेवढीच.

या मर्यादेचा अर्थ समजून घ्यायला नांदेडपेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण. २६ एप्रिल २०२४ रोजी नांदेड लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. त्याआधी फेब्रुवारीत अशोक चव्हाण यांनी काँग्रेस सोडून भारतीय जनता पक्षात प्रवेश केला होता, त्यामुळे निकाल ठरल्यासारखाच आहे असे पुष्कळजण पारावर बोलत होते. प्रत्यक्षात काँग्रेसचे वसंतराव चव्हाण ५९,४४२ मतांनी विजयी झाले. ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी, विधानसभेच्या मतदानाबरोबरच, लोकसभेची पोटनिवडणूक झाली. तीत काँग्रेसचे रवींद्र चव्हाण यांना ५,८६,७८८ आणि भाजपचे संतुकराव हंबर्डे यांना ५,८५,३३१ मते मिळाली. फरक १,४५७ मतांचा. दोघांची मते एकत्र धरली तर दर हजारी सव्वा मताचा ! तीन टक्क्यांची मर्यादा असलेल्या चाचणीला हा फरक दिसणे अशक्य. साध्या सूत्राने हिशेब केला तर या फरकाची खात्री देणारा नमुना मतदारसंघातील एकूण मतदारांहूनही मोठा निघतो. म्हणजे सर्वांनाच विचारावे लागेल; आणि सर्वांना विचारणे म्हणजेच निवडणूक.

याहून विचार करण्यासारखी गोष्ट पुढे आहे. त्याच दिवशी, त्याच केंद्रांवर, त्याच मतदारांनी विधानसभेसाठीही बटण दाबले. भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर आणि मुखेड या लोकसभा क्षेत्रातील सहाही ठिकाणी महायुतीचे उमेदवार निवडून आले. एकाच रांगेत उभ्या राहिलेल्या पुष्कळ माणसांनी दोन यंत्रांवर दोन वेगळी उत्तरे दिली. 'तुम्ही कोणत्या पक्षाचे ?' एवढाच प्रश्न विचारणाऱ्याला हा मतदार कधी कळला नसता. आपला मतदार दिल्लीचा विचार वेगळा करतो आणि मुंबईचा वेगळा, हे त्याने स्वतःच दाखवून दिले.

प्रश्न कसा विचारला ?

नमुना निर्दोष असला तरी प्रश्न सदोष असू शकतो. डोनाल्ड रग यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेला एक अमेरिकन प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. लोकशाहीविरुद्ध जाहीर भाषणे करण्यास परवानगी द्यावी काय, असे एका गटाला विचारले, तेव्हा ६२ टक्के लोक 'देऊ नये' म्हणाले. अशा भाषणांवर बंदी घालावी काय, असे तशाच दुसऱ्या गटाला विचारले, तेव्हा 'घालावी' म्हणणारे ४६ टक्केच निघाले. तर्काच्या दृष्टीने दोन्ही प्रश्न एकच. पण 'बंदी' हा शब्द कानाला कठोर लागतो.

आपल्याकडे पाहू. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना सुरू केली. तीत पात्र स्त्रीच्या खात्यावर दरमहा १,५०० रुपये जमा करण्याचे ठरले. आता एक सर्वेक्षक विचारतो, 'सरकारने फुकट पैसे वाटावेत काय ?' दुसरा विचारतो, 'गरीब घरच्या स्त्रीच्या हाती महिन्याला स्वतःची थोडी रक्कम असावी काय ?' एकाच गावात दोन निराळी लोकमते तयार होतील, आणि दोन्ही वर्तमानपत्रांत छापून येतील. म्हणून चाचणीची टक्केवारी वाचण्यापूर्वी तिचा प्रश्न शब्दशः वाचावा. जेथे प्रश्न छापलेला नाही, तेथे टक्केवारीवर विसंबू नये.

उत्तर कोण देतो ?

माझ्या मते आपल्या भागातील खरी अडचण येथून पुढे सुरू होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या घरी अशाच एका पाहणीचा फोन आला. वडिलांनी उत्तरे दिली. घरात मतदार पाच, पण फोन एकाच्या हातात होता. आईला नंतर विचारले, तुला विचारले असते तर काय सांगितले असतेस ? ती म्हणाली, ''खरं सांगायचं ते पेटीपाशी सांगावं. फोनवर कशाला ?'' आईने शाळा पाहिली नाही, तथापि गुप्त मतदानाचे तत्त्व याहून थोडक्यात कोणत्या पाठ्यपुस्तकात मला आढळलेले नाही.

फोनवरून विचारण्याची अडचण अमेरिकेतही वाढत गेली. तेथील प्यू संशोधन केंद्राच्या अनुभवानुसार १९९७ मध्ये निवडलेल्या शंभर माणसांपैकी ३६ जण दूरध्वनीवर उत्तर देत. २०१८ पर्यंत हे प्रमाण ६ वर आले. २०१६ च्या निवडणुकीनंतर तज्ज्ञांनी केलेल्या चौकशीत एक कारण असे आढळले की, अधिक शिकलेली माणसे चाचण्यांना अधिक उत्तरे देतात, आणि अनेक राज्यांतील चाचण्यांनी ही त्रुटी हिशेबात दुरुस्त केली नव्हती. कमी शिकलेल्यांचे मत कमी मोजले गेले आणि निकालाने सर्वांना चकित केले. हे वाचताना मला आमची वस्तीच आठवली.

आपल्याकडे कोण सुटतो, याची यादी करून पाहावी. नोव्हेंबरात उसाचा हंगाम सुरू होतो, तेव्हा मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट या भागांतील कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात. कोणी पुण्याला, कोणी हैदराबादला बांधकामावर जाते. यादीत नाव असते, पण दाराला कुलूप. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कानडी, तांड्यावर गोरमाटी, शहराच्या मोहल्ल्यांत उर्दू बोलतात. प्रश्नावली प्रमाण मराठीत छापलेली असते. न कळलेल्या प्रश्नाला माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. आणि ज्याला कोणीच नको असते, त्याला बहुधा कोणी विचारीतच नाही. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात 'वरीलपैकी कोणी नाही' या पर्यायाला साडेसत्तावीस हजारांच्या आसपास मते पडली आणि तो पर्याय दुसऱ्या क्रमांकावर राहिला. पक्षापक्षांची टक्केवारी मांडणाऱ्या चाचण्यांच्या कोष्टकात या मताला घरच नव्हते.

परंतु सर्वांत मोठा प्रश्न भीतीचा. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत झाला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांत नांदेड जिल्हा फार पोळला. समजा, त्या ऑगस्टमध्ये एखादा सर्वेक्षक वही घेऊन आपल्या खेड्यात आला असता आणि चावडीसमोर चार माणसांदेखत त्याने सालगड्याला विचारले असते, 'नामांतर व्हावे काय ?' त्याने काय उत्तर दिले असते ? ज्याच्या शेतावर काम, त्याच्याच तोंडाकडे पाहून तो बोलला असता, किंवा 'मला काय कळतं साहेब' म्हणून गप्प राहिला असता. वहीत 'मत नाही' अशी नोंद झाली असती. पण त्याला मत होते, ते उच्चारण्याची सोय नव्हती. नामविस्तार अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी झाला.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सर्वांनी निर्भयपणे उत्तरे दिली असती तरी बहुसंख्येचे मत म्हणजे न्याय असे होत नाही. १९६१ साली अमेरिकेत काळे आणि गोरे तरुण बसगाड्यांतून एकत्र प्रवास करून दक्षिणेतील वर्णभेदाला आव्हान देत होते. त्या वर्षीच्या गॅलप पाहणीत ६१ टक्के लोकांनी त्यांच्या या कृतीला नापसंती दर्शविली आणि २२ टक्क्यांनी पसंती दिली. चाचणी चुकली नव्हती, तिने समाजाचे मन बरोबर मोजले होते. ताप किती आहे हे तापमापक सांगतो, तो चांगला की वाईट हे सांगत नाही. किंबहुना अशा चाचणीचा उपयोगच हा, की समाजाला किती वाट चालायची आहे ते तिच्यामुळे कळते.

भीतीवर थोडासा उपायही आहे. वर सांगितलेल्या दिल्लीच्या केंद्राच्या पाहणीत मतदानाविषयीचा प्रश्न तोंडी विचारीत नाहीत. नमुन्याची मतपत्रिका हातात देतात, उत्तरकर्ता आडोशाला खूण करतो आणि घडी करून सोबत आणलेल्या पेटीत टाकतो. माझी आई ज्या पेटीविषयी बोलत होती, ती पेटी या अभ्यासकांनीही जवळ केली, याचे मला समाधान वाटते.

मते आणि जागा

चाचणीने मते बरोबर ओळखली तरी जागा चुकू शकतात, कारण आपल्या पद्धतीत एका मताने पुढे असलेलाही निवडून येतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एक टक्क्याहूनही कमी अंतर होते, पण जागा मात्र ३० आणि १७ अशा वाटल्या गेल्या. लातूर राखीव मतदारसंघात काँग्रेसचे डॉ. शिवाजी काळगे ६१,८८१ मतांनी विजयी झाले. अवघ्या सहा महिन्यांत विधानसभेला चित्र उलटले. महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांना २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी महायुतीला पुढे दाखविले होते, परंतु एवढा मोठा विजय बहुतेकांच्या अंदाजात नव्हता.

चुकलेल्या अंदाजाची किंमतही मोजावी लागते. १ जून २०२४ च्या संध्याकाळी अनेक चाचण्यांनी केंद्रातील सत्ताधारी आघाडीला ३५० हून अधिक जागा दिल्या. ३ जूनला शेअर बाजार उसळला. ४ जूनला आघाडी २९३ वर थांबली आणि त्या एका दिवसात मुंबई बाजाराचा निर्देशांक सुमारे ४,३९० अंशांनी कोसळला. मतदानोत्तर चाचण्या मतदान संपेपर्यंत जाहीर करता येत नाहीत. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने घातलेल्या १२६-अ या कलमानुसार हा गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणूनच एप्रिलमध्ये मतदान केलेल्या नांदेडकरांना चाचण्यांचे आकडे ऐकायला जूनपर्यंत थांबावे लागले.

समारोप

या सर्व विवेचनावरून जनमत चाचणी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. कोण जिंकणार हे आठ दिवस आधी सांगणे, हा तिचा सर्वांत हलका उपयोग होय. पाच वर्षांतून एकदा दिलेल्या मताने सरकार ठरते, पण पाण्याविषयी, पीकविम्याविषयी, गावातल्या शाळेविषयी माणसाला काय वाटते हे त्या एका बटणातून कळत नाही. ते विचारूनच कळते. विचारताना प्रत्येकाला विचारले जाण्याची संधी असावी, आणि ज्याला विचारले त्याला न भिता बोलता यावे, या दोन अटी पाळल्या तर चाचणी म्हणजे दुबळ्याच्या दारी जाऊन त्याचे म्हणणे लिहून घेण्याचे साधन ठरेल. अमेरिकेने पहिल्या अटीवर पुष्कळ परिश्रम घेतले. आपल्या खेड्यापाड्यांत दुसरी अट अधिक अवघड आहे.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, यापुढे एखादी टक्केवारी वाचाल तेव्हा एवढे अवश्य विचारा : किती जणांना विचारले ? त्यांना कसे निवडले ? प्रश्न काय होता ? कोणत्या भाषेत, कोणासमोर विचारला ? किती जणांनी उत्तरच दिले नाही ? आणि या पाहणीचा खर्च कोणी केला ?

गुरुजनांना एक नम्र सूचना करून हा लेख संपविते. आपल्या महाविद्यालयात जवळपासच्या अनेक खेड्यांतून मुले-मुली येतात. तेलुगू, कानडी, उर्दू, गोरमाटी घरात बोलणारे विद्यार्थी आपल्या वर्गात आहेत. दिल्लीहून आलेल्या सर्वेक्षकाला जे दार उघडत नाही, ते त्यांना उघडेल. राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र विभागांनी मिळून वर्षातून एकदा, मतदारयादीतून चिठ्ठीने नावे काढून, पक्षाचे नावही न घेता, फक्त गावाच्या प्रश्नांवर एक लहानशी पाहणी करावी. सोबत घडी घालून टाकायच्या चिठ्ठीसाठी एक पत्र्याची पेटी असावी. आणि घरातील स्त्रीचे नाव निघाले तर उत्तर तिच्याकडूनच घ्यावे.